वसुधाची पकड

"ओल्या रस्त्यासाठी वसुधाचीच स्मृती भरा," हर्षदने टायरच्या दुकानात सांगितलं. वसुधा म्हणजे त्याची पहिली बायको, चार वर्षांपूर्वी आजारात गेलेली. अकरा पावसाळे तिने आंबोली घाटात गाडी चालवली होती, आणि कुठल्या वळणावर किती पकड धरायची हे तिच्या टायरांनी साठवून ठेवलं होतं.

"नव्या टायरांना माझ्याकडून शिकू दे की," त्याची दुसरी बायको केतकी म्हणाली.

"अगं, ते शिकेपर्यंत आपला जीव जाईल. वसुधासारखा हात कुणाचाच नाही."

दुकानदाराने केतकीकडे न बघता स्मृती भरली.

त्या दुपारी घाटात पाऊस कोसळत होता. केतकी गाडी चालवत असली की हर्षद एरवी दाराची मूठ सोडत नसे. आज तिसऱ्या वळणाआधीच त्याला गाढ झोप लागली. त्याचा निवांत चेहरा पाहून केतकीच्या जिवाची आग झाली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण तिच्या गाडीत तो असा कधीच झोपला नव्हता. तिने गाडी कडेला घेतली, टायरांमधली स्मृती कायमची पुसून टाकली आणि उरलेला घाट अगदी सावकाश, जीव मुठीत धरून एकटीने पार केला.

सावंतवाडीत हर्षदला जाग आली. "बघितलंस? किती अलगद आणलं वसुधाने!"

केतकीने वायपर बंद केले. खरं सांगितलं असतं, तर तो पुन्हा कधी तिच्या शेजारी झोपला नसता.

"हो," ती म्हणाली.