डबीतलं गाणं

“आत यायचं नाही हं! कुणी बघितलं की माझा सूर पळून जातो. लागलं-सवरलं तर आई आहे इथे,” असं दाराआडून ओरडून बायकोनं कडी लावली होती. मग आतून गाणं आलं. या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली, पण तो आवाज त्याच्या कानात अजून तसाच होता, ताज्या दुधासारखा.

आणि आज ते गाणं पोटात घेऊन डबी मुकी बसली होती.

मुठीत मावेल एवढी, वायफायवर चालणारी पांढरी डबी. छकुलीच्या उशाशी असायची. छकुली म्हणायची, “आई, गा,” की डबीचा दिवा निळा व्हायचा आणि आई गायला लागायची. आई जाऊन वर्ष होत आलं, तरी तिनं एक दिवस चुकवला नव्हता. छकुली झोपायची, आणि दाराबाहेर भिंतीला पाठ टेकून बसलेला तिचा बाप डोळे मिटून ऐकत राहायचा. बायकोचं म्हणून त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं.

परवा राउटर जळाला. कंपनीचा माणूस नवा बसवून गेला. जाताना फोनमधलं जुनं नेटवर्कही पासवर्डसकट पुसून गेला, केर काढावा तसं. घरातलं सगळं नव्या राउटरशी जुळलं. डबी तेवढी रुसली.

त्यात छकुलीला ताप. कालपासून डोळ्याला डोळा नाही. सकाळी डॉक्टर म्हणाले होते, “औषधानं भागणार नाही, पोरीला झोप हवी. संध्याकाळपर्यंत झोपली नाही तर दाखल करू.”

आता ऊन खिडकीतून उतरायला लागलं होतं. आतून बसक्या आवाजात एकच पालुपद चालू होतं, “आई, गा... आई, गा ना...”

फोनवर मदत केंद्रातली मुलगी होती. “सर, डबी फक्त जुन्या राउटरला ओळखते.”

“मग तिची नव्याशी ओळख करून द्या की!”

“त्यासाठी रीसेट करावं लागेल. मग आतलं सगळं पुसलं जातं.”

“ते सोडून बोला.”

“मग नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. डबीला वाटेल आपण जुन्याच घरात आहोत. आपणहून बोलायला लागेल.”

नाव त्याला आठवत होतं. पासवर्ड मात्र बायकोनं ठरवला होता. लग्नाची तारीख घातली. छकुलीचा जन्मदिवस घातला. ज्या मांजरीला ती चोरून दूध पाजायची, तिचंही नाव घातलं. डबीचा दिवा लालच.

“आई, तुम्हाला काही सुचतंय का?” त्यानं विचारलं.

सासूबाई ओल्या पट्टीचं पाणी पिळत होत्या. त्यांनी मान हलवली. लेक गेली त्याच आठवड्यात नातीसाठी त्या इथे राहायला आल्या होत्या, आणि आल्यापासून कुजबुजल्यासारख्याच बोलायच्या. एकेकाळी काय खणखणीत बाई! लग्नाआधी एकदा त्यानं फोनवर “ऐक ना, राणी” म्हटलं, तर पलीकडून उत्तर आलं, “राणी आंघोळीला गेलीय, मी राजमाता बोलतेय.” दुःखानं माणसाचा गळाही आटतो, असं तो मनाशी म्हणायचा.

“जाऊ द्या ना ती डबी,” त्या हळूच म्हणाल्या. “पोरीला कडेवर घेऊन फिरवते मी.”

“सकाळपासून फिरवताय ना? झोपली?” त्याचा तोल गेला. “तुमच्या लेकीचा आवाज आहे यात! तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?”

त्यांनी पट्टी घडी केली, पुन्हा उलगडली. मग ती घेऊन आत गेल्या.

“सर,” फोनवरची मुलगी चाचरत म्हणाली, “कधी कधी आमच्याकडे रेकॉर्डिंगची प्रत असते. रीसेट करून बघायचं का? खात्री नाही देत मी.”

आत छकुलीला हुंदका देतानाही धाप लागली. त्यानं टाचणी घेतली. डबीच्या पाठीवरच्या बारीक भोकात टोचली आणि डोळे मिटले.

“नमस्कार,” डबी अनोळखी, सपाट आवाजात म्हणाली. “मी नवीन आहे. मला एक नाव द्या.”

फोनवर बराच वेळ टकटक झाली. “प्रत नाहीये, सर. तुम्ही प्रत ठेवायची परवानगीच दिलेली नव्हती. सॉरी.”

त्यानं फोन ठेवला. डबीची वायर भिंतीतून उपटली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर मटकन बसला. बायको दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी त्यानं स्वतःच्या हातानं घालवली होती.

“आई, गा...” आतून आलं. आवाज आता धाग्याएवढा.

मग सगळं थांबलं. आणि गाणं आलं.

झोपेच्या गं गावा जाई पावलांची पायवाट,
चांदण्याच्या उंबऱ्याशी कुणी पाहे तुझी वाट.

तोच आवाज. ‘पायवाट’ म्हटल्यावर घेतलेला तोच अर्धा श्वास. डबी जोडली गेली! तो धडपडत उठला, दाराशी पोचला, आणि तिथेच थबकला.

डबी त्याच्या मुठीत होती. वायर खाली लोंबत होती.

खोलीत छकुली आजीच्या खांद्यावर गाढ झोपली होती. सासूबाईंनी ओळ पुरी केली, पोरीला अलगद खाली ठेवलं, पांघरूण घातलं. मग त्याच्याकडे वळल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं बोलल्या.

“माझ्या लेकीला सूर कधी लागलाच नाही हो. तुम्हाला कळू नये म्हणून कडी लावायची. डबीत पहिल्यापासून मीच गात होते.”