पहिलं लाइव्ह

पहिलं वाक्य वाचून पुरं व्हायच्या आत दादाचा ठोसा धाकट्याच्या जबड्यावर बसला. तो खुर्चीसकट मागे कोसळला. हातातली पानं गॅरेजभर उडाली. रंगाच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन मात्र जागचा हलला नाही. लाइव्ह चालूच होतं.

"बापाला चव्हाट्यावर आणलंस?" दादानं त्याला कॉलर धरून उठवलं आणि दुरुस्तीला आलेल्या गाडीवर आपटलं. दादा म्हणजे आयुष्यभर पत्रा ठोकणारा माणूस. गाड्यांचे पोचे काढता काढता त्याचा हातच हातोडी झाला होता. धाकट्याच्या तोंडात रक्ताची चव आली.

एवढं रामायण घडलं ते एका कादंबरीपायी. धाकटा दिवसभर गॅरेजची बिलं लिहायचा आणि उरल्या वेळात कादंबरी. ती छापायला कोणी तयार नव्हतं. 'आधी ऑनलाइन वाचक जमवा, मग या,' असं एका प्रकाशकानं सुनावलं, तेव्हापासून स्वारी हात धुऊन वाचकांच्या मागे लागली होती. पेज काढलं. खिडकीचा फोटो टाकला, पेनाचा टाकला, स्वतःच्या विचारमग्न चेहऱ्याचा टाकला. कुत्रंही फिरकलं नाही. आत्या तेवढी इमानेइतबारे लाइक द्यायची, पण ती काय, साबणाच्या जाहिरातीलाही द्यायची. मग एक दिवस त्यानं बाबांवरचं प्रकरण टाकलं. दारू पिऊन येणारा बाप. आतल्या खोलीत कोंडलेला लहानगा. दारापलीकडे पट्ट्याचे फटके आणि आईचं रडणं. त्या एका प्रकरणानं वाचकांची रीघ लागली. लोक आईसाठी हळहळले, लहानग्यासाठी रडले, 'पुढचं कधी?' म्हणून मागे लागले. म्हणून आजचं हे लाइव्ह.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तो विषय कोणी काढत नसे. आणि दादाला कळलं ते थेट गाडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून.

"आईनं वाचलं तर काय होईल तिचं?" दादानं आणखी एक ठेवून दिली. "काढून टाक ते. आत्ताच्या आत्ता."

धाकट्यानं एका डोळ्यानं फोनकडे पाहिलं. दुसरा डोळा सुजून मिटत चालला होता. मघाशी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी माणसं होती. आता आकडा भराभर चढत होता, शेकड्यांच्या पुढे गेला होता. दुखत तर होतंच, पण खोटं कशाला बोला, पोटात आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. एवढ्या माणसांनी त्याच्याकडे जन्मात कधी पाहिलं नव्हतं. तो गाडीला घासत जरा डावीकडे सरकला, म्हणजे दादा फोनमध्ये नीट दिसावा.

"मार," तो म्हणाला. "अजून मार. बघू देत सगळ्यांना. अगदी बाबांवर गेलायस तू."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यानं हातोडी उचलली. पहिला घाव धाकट्याच्या कानाशेजारी गाडीच्या दारावर बसला आणि पत्रा फाटला. दुसऱ्या घावाला दादाचा हात पार डोक्यामागे गेला, तेव्हा कुठे धाकट्याला कळलं की हा आता खेळ राहिलेला नाही. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

घाव आलाच नाही. डोळे उघडून बघतो तर आई. मागच्या स्वयंपाकघरातून ती ओल्या हातांनी धावत आली होती आणि दादाच्या मनगटाला लोंबकळत होती. केवढीशी ती बाई, पण हातोडी खाली आली.

"आई, तू आत जा," दादा धापा टाकत म्हणाला. "हा काहीही बरळतोय. तू लक्ष देऊ नकोस."

"वाचलंय मी," आई म्हणाली. "केव्हाच."

दादा मटकन जुन्या टायरवर बसला. त्याचे खांदे गदगदू लागले. धाकट्यानं दादाला रडताना कधी पाहिलं नव्हतं, लहानपणीसुद्धा नाही. आता मात्र त्याला ही सगळी बघणारी माणसं नकोशी झाली. लाइव्ह बंद करायला तो फोनकडे धडपडला.

आईनं त्याचा हात धरला. "राहू दे चालू. अर्धंच सांगितलंयस तू त्यांना."

"आई, नको ना," दादा म्हणाला. "मी कधी कुणाजवळ बोललो का?"

आईनं फोन हातात घेतला. नेमकं कुठे बघून बोलायचं ते तिला कळेना. शेवटी ती सरळ धाकट्याकडेच बघत बोलली.

"तुझे बाबा पट्टा काढायचे, तेव्हा मी ह्याला पुढे उभं करायचे. तू दाराआडून ऐकलंस ते बरोबरच ऐकलंस. रडायचे मी. मार हा खायचा."