पाठीवरचं नाव
स्वान्सीच्या किनाऱ्यावरून कर्करोगाच्या संशोधनासाठी देणग्या गोळा करणारी पदयात्रा निघाली होती. ज्याच्यासाठी चालायचं त्याचं नाव पाठीवर लावायचं, म्हणजे मागून येणारे वाचतात. एमलिनने कागदावर ठसठशीत लिहिलं होतं, ‘नेस्टा’. पण म्हाताऱ्याचे गुडघे कुरकुरले आणि सगळे पुढे गेले. ‘आई’, ‘गेरेंटमामा’, ‘आमचा ऱ्हिस’. त्याने प्रत्येकाची पाठ वाचली. त्याच्या बायकोचं नाव वाचायला मागे कुणीच उरलं नाही. होती ती फक्त दमलेल्यांना उचलणारी गाडी. “काका, गोगलगायीसुद्धा पुढे गेल्या! बसा की आता,” ड्रायव्हर ओरडला. “नाही बसायचं!” गाडी मुकाट्याने मागेमागे येत राहिली. तासाभराने पुन्हा आवाज आला, “काका, कोण हो ही नेस्टा?” एमलिन थबकला. ती गेल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं. त्याने गाडीचं दार उघडलं. बसण्याआधी पाठीवरचा कागद सोडवला. नाहीतर नेस्टा चुरगळली असती.