नावाचा रकाना

क्वोन सोक्ग्यू आजोबा टेबलावर हात आपटून उठले. "मूर्ख आहे हे यंत्र! पाचशे वर्षांची आमच्या कुळाची वंशावळ, आणि हे एक ओळ आत घेत नाही!"

आन्दोंग शहरातल्या ज्येष्ठांच्या वर्गात डेटाबेस शिकवणारी बोरा जवळ आली. "आजोबा, या ओळीत नावाचा रकाना रिकामा आहे. नावाशिवाय नोंद घ्यायची नाही, हा नियम पहिल्या दिवशी तुम्हीच घातलात."

"घातलाच! बिननावाचं माणूस आमच्या कुळात नाही!"

"मग ही ओळ कुणाची?"

"माझ्या आजीची. आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला. छापील वंशावळीत 'किम घराण्यातली' एवढंच आहे."

"ते माहेरचं घराणं झालं. नाव?"

"सगळं गाव तिला माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारायचं. तेवढ्यावर तिचं जन्मभर कधी अडलं नाही, मग या डबड्याचंच काय अडतंय?"

रागारागाने त्यांनी देगू शहरात राहणाऱ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. "ताई, आजीचं नाव काय गं? लवकर सांग, इथे यंत्र अडून बसलंय."



"मी पाच वर्षांची असताना तिला तिचं नाव विचारलं होतं," ताई संतापून म्हणाली. "तू अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालास, सोक्ग्यू. आणि आजसुद्धा तू विचारत नाहीस, यंत्र विचारतंय."