विमानबाबाचा चौथरा

“काका, हार नका घालू,” ही जागा शोधत आलेली जागृती म्हणाली आणि ऐंशी ओलांडलेल्या गोपीनाथचा हात थांबला. हा शेवटचा हार पडला की समोरचा पोकलेनवाला चौथरा उकरणार होता. कोलशेतची ही जागा आता टॉवरला दिलेली.

दुसऱ्या महायुद्धात इथे मिठागर होतं. त्यात एक सरावाचं विमान कोसळलं, आणि मेलेल्या पोरगेल्या वैमानिकाला गोपीनाथच्या आईने, सगुणाने, एकटीने इथे, या चौथऱ्याखाली पुरलं. असं तीच सांगायची. गोपीनाथचा बाप त्याच सुमारास बोटीवर कामाला निघून गेला, हेही तीच सांगायची. मरेपर्यंत तिने दर अवसेला इथे दिवा लावला आणि इथली माती कुणाला हलवू दिली नाही.

“तो वैमानिक म्हणजे माझे आजोबा,” जागृतीने मोबाइलवर फोटो दाखवला. पांढऱ्या मिशांचा म्हातारा, मांडीवर नात. “पुढे कितीतरी वर्षं विमानं चालवली त्यांनी. नव्वदीत घरीच गेले.”

गोपीनाथला हसू आलं. “मंग आयेनं पुरला कोनला?”

“ते नाही माहीत. पण आजोबांना चिखलातून एका बाईनेच ओढून काढलं. त्यांचे कपडे जळालेले, म्हणून तिने नवऱ्याचा सदरा दिला. आजोबा नको म्हणाले, तर म्हणाली, घाल रे, त्याला आता लागायचा नाही.”

गोपीनाथच्या हातातला हार चौथऱ्यावर गळून पडला.

हार पडलेला पाहून पोकलेनवाल्याने मशीन सुरू केलं.