काष्टीच्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे

बहात्तरच्या उन्हाळ्यात काष्टीच्या बाजारासमोर रस्ता ओलांडताना राहीबाई ट्रकखाली गेली. महिन्याभराने ग्रामपंचायतीने त्याच जागी पांढरे पट्टे मारून घेतले. तिचा नवरा कानिफनाथ दर बाजारी पट्ट्यांशेजारी दोरखंड विकायला बसू लागला. त्याला अजून रडू आलं नव्हतं.

पट्ट्यांपाशी प्रत्येक ट्रक थांबे. रस्ता मोकळा असला तरी थांबे. ड्रायव्हरची नजर या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूहळू सरके, मगच ट्रक निघे.

"पट्ट्यानं लई शिस्त लागली," माणसं म्हणत.

एका बाजारी घरी कोणी नव्हतं, म्हणून चार वर्षांच्या लेकीला, बनूला, त्याने सोबत आणलं होतं. ती त्याच्या पाठीमागे पोत्यावर बसून बडबडत होती.

भर दुपारी चांदभाईचा ट्रक त्याच्यासमोर थांबला. रस्त्यावर कोणीच नव्हतं.

कानिफनाथने बसल्या जागेवरून विचारलं, "चांदभाई, कुणासाठी थांबता वो?"

"त्या बाईसाठी. दर बाजाराला येकलीच जाती." चांदभाईची नजर पलीकडच्या कडेकडे सरकत होती. "आज पोरीचा हात धरलाय तिनं."

कानिफनाथने हातातला दोर खाली ठेवला. पाठीमागची बडबड थांबली होती.

त्याने वळून पाहिलं नाही.