फिकट जांभळा नकार

कानामागची बट केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतकी पिवळट झाली, तसं ज्ञानदानं ब्लीच धुतलं आणि आपल्या आखूड केसांना फिकट जांभळा रंग चढवला. लग्न करायचं नाही, हे बाबांना सांगायचा धीर तिला दोन वर्षं होत नव्हता. आता निदान बघायला येणाऱ्यांनी तरी नकार द्यावा, एवढीच तिची अपेक्षा होती.

"अगं, तासाभरात माणसं येतील!" आईनं कपाळावर हात मारला. "ओढणी तरी घे डोक्यावरून!"

"ओढणीला रंग लागेल, आई."

पाहुणे आले. जांबे गावातल्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मुलाची आई पोहे खायचं विसरून ज्ञानदाच्या डोक्याकडे बघत राहिली. बाबांनी मान खाली घातली. ज्ञानदाला हायसं वाटलं.

"घरीच केलंस?" त्या बाई पुढे सरकल्या. "मी केलं तर सगळं केशरी झालं गं! स्वानंद, मला मुलगी पसंत आहे. मी हिच्याकडूनच गुलाबी करून घेणार."

स्वानंदनंही हसून मान डोलावली.



शेवटी नाइलाजानं ज्ञानदाला तोंड उघडावं लागलं, "बाबा, मला लग्नच करायचं नाहीये."